कोऱ्या जागेवरचा ठिपका

सर्व्हे ऑफिसातल्या माणसाकडे किस्से मागावे लागत नाहीत, आपोआप साचतात. महाराष्ट्र नवा होता, सरकारला गावं समजून घ्यायची होती, आणि आमचं ऑफिस होतं बुलढाण्यात. मी गावोगाव फिरून बायकांना प्रश्न विचारायची, गुलाबराव त्या माहितीचे आलेख काढायचा आणि पुण्याहून आलेले साहेब त्यांचा अर्थ लावायचे. गावकरी आम्हाला घाबरायचे, आम्ही साहेबांना, आणि साहेब मुंबईला!

*

साहेबांचा हुकूम, "लोकांची माहिती लोकांना दाखवा." म्हणून धाड गावच्या बाजारात तक्ता टांगला. कोणत्या गावात कुटुंबं किती मोठी, ते उभ्या खांबांनी दाखवलेलं.

एक आजोबा बराच वेळ बघत होते. "बाई, सगळ्यात उंच खांब आमच्याच गावात काऊन गाडून राह्यले?"

मी समजावलं, घरात माणसं जास्त, म्हणून खांब उंच.

आजोबा आणखीच धास्तावले. "म्हंजे आमचे मानसं जास्त झाले! आता नेता कोनाले?"

दुसऱ्या दिवशी त्या गावात एकही दार उघडलं नाही!

*

साखरखेर्ड्याला गोल आलेख नेला. कोणाकडे किती जमीन, ते भाकरीच्या तुकड्यांसारखं दाखवलेलं. जादा जमीन काढून घेणाऱ्या सीलिंग कायद्याच्या बातमीनं तेव्हा मोठ्या शेतकऱ्यांची झोप उडालेली. त्यातल्या एकानं सगळ्यात मोठ्या तुकड्यावर बोट ठेवलं आणि मटकन खाली बसला. पुतण्याला म्हणाला,

"अबे, कापून बी टाकली!"

गुलाबरावनं त्याच तक्त्यानं त्याला वारा घातला.

*

गुलाबराव तसा कोणाला भीत नसे. पण बाळंतपणात दगावलेल्या बायकांचा आलेख काढताना त्याचा हात थांबला.

"बाई, पहिल्याच खेपेले ही लाइन एवढी वर काऊन जाते?"

त्याची बायको पहिलटकरीण होती, माहेरी धामणगाव बढ्याला. तो तसाच एसटीत बसला आणि बायकोला बुलढाण्याच्या दवाखान्यात घेऊन आला. सासू वाटभर ओरडत होती, "कागद पाहून कोनी बाळंतपन करते का?"

"मी करतो!" गुलाबराव म्हणाला.

फार अडली होती ती. मुलगी झाली, दोघी वाचल्या. साहेब म्हणाले, "अभिनंदन! आता आलेख पुरा करा."

*

मग मुंबईचे मोठे अधिकारी आले. भिंतीवर ठिपक्यांचा आलेख होता. कोणत्या गावात किती तरण्या सुना मेल्या, त्याचा. जितक्या जास्त, तितका ठिपका वर.

त्यांनी सगळ्यात वरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "या गावात एवढ्या का?"

गुलाबरावनं माझ्याकडे पाहिलं. त्या गावानं "एकबी नाही" असं सांगितलं होतं, म्हणून तिथली जागा कोरीच होती. वरचा ठिपका म्हणजे त्याच्या टाकातून गळलेली शाई! साहेबांनाही ते ठाऊक होतं. पण आलेखावर डाग आहे हे सांगायची त्यांची छाती झाली नाही.

"चौकशी चालू आहे, सर!"

झालं! आता चौकशी करणं आलं. जीपनं गेलो. साहेब चावडीवर चहाला बसले आणि मला घरांकडे पिटाळलं. पहिल्याच ओट्यावर एक म्हातारी ज्वारी पाखडत होती. साहेबांनी शिकवल्याप्रमाणे मी म्हणाले, "मावशी, या गावात सुना मेल्या, त्याबद्दल विचारायचं होतं."

सूप थांबलं. तिनं गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, माझं मनगट धरून मला आत ओढलं आणि दाराला कडी घातली.

"हळू बोल, माय," ती म्हणाली. "तुले कोनं सांगतलं?"