हातांकडे बघणारा माणूस

क्रेनवाले काका माणसं हातांवरून ओळखतात. गोदीतली त्यांची सगळी नोकरी उंचावरच्या काचेच्या खोलीत गेली. तिथून खाली बघितलं की माणसाचं हेल्मेट दिसतं, खांदे दिसतात आणि हात दिसतात. चेहरा दिसत नाही. खाली उभ्या असलेल्या सिग्नलवाल्यानं हात वर केला की माल उचलायचा, खाली केला की उतरवायचा, मूठ आवळली की जिथल्या तिथे थांबायचं. का आणि कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती. टांगलेल्या पेटीखाली माणसं वावरत असताना कोण विचारणार? एका सिग्नलवाल्याबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं, पण तो कँटीनमध्ये शेजारी येऊन बसला तेव्हा काकांना तो परका वाटला. त्यानं चहाचा कप उचलला, तेव्हा ओळख पटली.

बायकोही त्यांना अशीच भेटली. पोलादी दोरानं तळवा फाटला म्हणून ते गोदीजवळच्या इस्पितळात गेले आणि तिथल्या नर्सनं पट्टी बांधली. पट्टी बदलायला पुन्हा गेले, तेव्हा दुसऱ्याच नर्सकडे बघून ओळखीचं हसले. खऱ्या नर्सनं येऊन हात हातात घेतला तेव्हा चूक कळली. तिला सगळे सिस्टर म्हणत, लग्नानंतर काकाही म्हणू लागले. घरी पाहुणा आला की सिस्टर हा किस्सा सांगायचीच. “यांनी माझ्या हातांशी लग्न केलं. तोंड नंतर कळलं, तोवर उशीर झाला होता.”

तोंडाचा पट्टा जबरदस्त होता. वॉर्डाच्या या टोकाला ती बोलली की त्या टोकाचा पेशंट मुकाट्यानं गोळी गिळायचा. आणि निवृत्तीनंतर नेमका तिच्या घशालाच कर्करोग झाला. स्वरपेटी काढावी लागली. श्वासासाठी मानेवर भोक राहिलं आणि त्यावर एक पातळ रुमाल. मानेला टेकवून बोलायचं यंत्र मिळालं होतं. ते तिनं एकदा लावलं, स्वतःचा आवाज ऐकला आणि कपाटात ठेवून दिलं. मग पाटी आली. पाटीवर काम भागत होतं, पण भांडता येत नव्हतं. तिचं वाक्य लिहून होईपर्यंत काका उठून दुसऱ्या खोलीत गेलेले असत.

म्हणून दोघं वर्गाला जाऊ लागली. वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये निवृत्त लोकांसाठी वर्ग चालत. कुठे चित्रकला, कुठे मोबाइल, कुठे बागकाम. कोपऱ्यातल्या खोलीत खुणांची भाषा शिकवत. शिकवणाऱ्या बाईंचे आईवडील दोघंही बहिरे होते, त्यामुळे त्या बोलण्याआधी खुणा शिकल्या होत्या. वर्गात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, ते इमारतीतल्या सगळ्याच वर्गांना येत. घरी बसलो तर बायको भाजी चिरायला लावते, असं त्यांचं म्हणणं होतं.

सिस्टर झपाट्यानं शिकली. काकांना तर हात वाचायची आयुष्यभराची सवय. दुसऱ्याचं बोट हललं की त्यांना अर्थ लागायचा. अडायचं एकाच ठिकाणी. ते चेहऱ्याकडे बघतच नसत.

“काका,” बाई म्हणाल्या, “हात फक्त शब्द सांगतात. आवाज चेहऱ्यात असतो. तुम्ही चेहऱ्याकडे बघा, हात आपोआप दिसतात.”

काका मान डोलवायचे, क्षणभर वर बघायचे आणि नजर पुन्हा घसरून हातांवर यायची. एकदा बँकवाल्यांनी गंमत म्हणून रडवेलं तोंड करून, ओठ थरथरवत, हातांनी सांगितलं की आपण फार मजेत आहोत. यांनी काय सांगितलं, असं बाईंनी विचारल्यावर काका गंभीरपणे म्हणाले, “मजेत आहेत.” वर्ग हसून लोटपोट झाला. सिस्टर हसली की आता आवाज येत नसे, नुसते खांदे हलत. त्या दिवशी ते बराच वेळ हलत होते.

घरात पुन्हा भांडणं सुरू झाली आणि त्यांच्या मुलीला बरं वाटलं. ती नोकरी आणि संसार यांत गुंतलेली, खुणा शिकायला तिला सवड झाली नाही. आईशी तिचं मोबाइलवर लिहून चालायचं, आणि समोर असली की ती आईचं तोंड बघून अंदाज बांधायची.

पुढे आजार उलटला. डॉक्टरांच्या आधी सिस्टरला कळलं. एके दुपारी जेवणाच्या टेबलावरची ताटं उचलायच्या आधी तिनं काकांना समोर बसवलं आणि सावकाश खुणा केल्या. वॉर्डात अनेकांच्या शेवटी तिनं त्यांचा हात धरला होता. त्यांची माणसं वाटेत असायची, नाहीतर खाली चहा पीत असायची. ते पेशंट डोळे मिटताना तिच्याकडे बघायचे आणि ती कोण हे त्यांना ठाऊकही नसायचं. एवढं सांगून तिनं शेवटचं वाक्य केलं.

“मला अनोळखी हात नको.”

काकांनी होकार दिला. तिनं दुसरं काही मागितलं नाही.

इस्पितळात दाखल केल्यावर ते खुर्चीवरून हलले नाहीत. मुलगी डबा आणायची, तो अर्धा परत जायचा. रात्री बसल्या बसल्या डोळा लागायचा, मान एका बाजूला पडायची. सिस्टर ते बघत होती.

मग ती सकाळ आली. मुलगी यायच्या वेळेला सिस्टरनं चादरीवरून हात उचलले आणि खुणा केल्या. घरी जा. जेवा. झोपा.

काकांना या तीन खुणांचा अर्थ पक्का माहीत होता. नोकरीत असताना ती पेशंटच्या नातेवाइकांना हेच सांगायची, पण हाताशी वेळ असेल तरच. वेळ उरला नसेल तर काही न बोलता खुर्ची पलंगाजवळ ओढून द्यायची. हे तिनंच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे अजून वेळ होता. शिवाय खुणा स्पष्ट होत्या, हात जराही कापत नव्हते. खालून सिग्नल आला आणि काका उठले.

दारात मुलगी भेटली. तिला ते म्हणाले, “जरा पाठ टेकून येतो.”

घरी जाऊन ते जेवले आणि झोपले. दुपारी फोन वाजला. मुलीला डॉक्टरांनी खालून औषध आणायला पाठवलं होतं. ती वर आली तेव्हा सगळं संपलं होतं. त्या दिवशीच पाळीवर आलेली एक नर्स शेजारी उभी होती, सिस्टरचा हात हातात धरून.

तिनंच जायला सांगितलं होतं, एवढं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. लोकही म्हणत, तुमचा काय दोष. पुढे एक दिवस बाप-लेक आईचं कपाट आवरत होती. बोलायचं यंत्र डब्यात तसंच होतं. ते हातात धरून मुलगी सहज म्हणाली, “बाबा, त्या दिवशी तुमचं आणि आईचं काही वाजलं होतं का?”

“का गं?”

“तुम्ही निघालात तेव्हा मी दारात होते. ती तुमच्या पाठीकडे बघत होती. मला वाटलं, भांडलात.”

“ती स्वतः म्हणाली, घरी जा म्हणून.”

“म्हणाली असेल. चेहरा तसं म्हणत नव्हता.”

काकांनी हातातली साडी घडी करून ठेवली. मग उलगडून पुन्हा घडी केली. बोलून बसल्यावर मुलीला आपलं बोलणं उमगलं, पण ते परत घेता येण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर ते वर्गाला गेले. आता ते येणार नाहीत असं बाईंनी धरलं होतं. ते बँकवाल्यांच्या समोर बसले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. बँकवाल्यांनी काय खुणा केल्या ते त्यांना सांगता आलं नाही. ते इतके टक लावून बघत होते की शेवटी बँकवाल्यांनीच मान खाली घातली. बाईंनी त्या दिवशी कोणाची चूक काढली नाही.

मुलगी सुट्टीच्या दिवशी भेटायला आली तेव्हा काकांनी खिडकीजवळ दोन खुर्च्या समोरासमोर मांडून ठेवल्या होत्या. उजेड तिच्या तोंडावर पडेल अशा बेतानं तिला बसवलं. कपाळ आणि डोळे तिनं आईचे घेतले आहेत, हे सगळेच म्हणतात.

“कशी बघत होती, ते करून दाखव.”

“बाबा, काय हे.”

“तू पाहिलंस. मी नाही पाहिलं.”

तिनं डोळे मिटले, आठवलं, उघडले. भुवया जरा वर गेल्या, ओठ काही म्हणायला विलगल्यासारखे झाले, आणि मग तिला ते धरून ठेवता आलं नाही. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

काका खुर्चीत पुढे सरकले.

“हात खाली घे,” ते म्हणाले.