कच्च्या लाकडावर हळद

गिटारच्या पुढच्या फळीला मी पोट म्हणते. दुकानातल्या बहुतेक गिटारींचं पोट सपाट असतं. मी करते त्यांचं किंचित फुगीर, चार घास जास्त झाल्यासारखं. फळी वाकवून तो फुगवटा येत नाही; स्प्रूस या परदेशी लाकडाची जाड फळी अंगठ्याएवढ्या पितळी रंध्याने हळूहळू कोरावी लागते आणि मधूनमधून बोटाने टकटक करून ऐकावं लागतं. लाकूड पुरे म्हणालं की थांबायचं. त्यानंतर एक पापुद्रा जरी जास्त गेला, तरी तारांच्या ताणाने पोट बसतं.

हे सगळं मी बेलापूरजवळच्या गावात, सासरच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात करते. माझं माहेर खांदेश्वरच्या फ्लॅटमधलं, सासर खाडीकाठचं. गाळा सासूबाईंनी दिला, तोही न मागता. ते उपकार मी विसरलेली नाही. पण माझ्या कामाला काम म्हणायला त्या तयार नव्हत्या. कोणी विचारलं की म्हणायच्या, "सुनेचा टाइमपास हाय." मी नाकावर माशी बसू देणारी नाही, पण तो शब्द खोटा कसा म्हणणार? तोवर कुणी माझ्याकडे गिटार मागितलीच नव्हती.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. सासऱ्यांचं जुनं जाळं, नवऱ्याची गाडी, वरच्या भाडेकरणीचं शिलाई मशीनसुद्धा. सासूबाई तबक घेऊन सगळीकडे फिरायच्या आणि गाळ्यावरून सरळ पुढे जायच्या. दरवर्षी टोचायचं. मग मीच माझ्या पटाश्यांना एकेक झेंडू वाहायचे.

अखेर पहिली ऑर्डर आली, सीवूड्सच्या एका संगीत शिक्षकांची; घरात सगळ्यांना सांगितलं. नवमीच्या आदल्या संध्याकाळी पोट कोरून झालं. टकटक केलं तर असा मोकळा आवाज आला की मी एकटीच हसले. पॉलिश अजून व्हायचं होतं. फळी टेबलावर ठेवून वर गेले.

सकाळी खाली आले तर शटर अर्धं उघडं. आत सासूबाई. पटाश्या, रंधे, करवत, सगळ्यांवर फुलं. आणि टेबलावरच्या दुधी रंगाच्या फळीवर, अगदी मधोमध, ओल्या हळदीची पाच बोटं.

कच्चं लाकूड हळद पितं. पुसून ती जात नाही, आणि खरवडायला मी जाडीच ठेवली नव्हती. म्हणजे नवी फळी, पुन्हा पहिल्यापासून कोरणं, शिक्षकांना फोन करून मुदत मागणं. तोंडात काय काय आलं ते लिहिण्यासारखं नाही.

"आई, हे काय केलंत?" एवढंच बाहेर पडलं.

त्या दचकल्या. "सगल्या हत्यारांना हलद लावली, तं या फलीला पन लावली. याच्यावरच तुजा पोट हाय ना, बाय?"

मी त्या फळीला पोट म्हणते हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्या साधं घरातलं बोलल्या, ज्यावर माणूस जगतो त्याबद्दल बोलतात तसं. या घरात माझ्या कामाला मान मिळाला होता, आणि तो उमटला होता माझ्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या फळीवर. चिडू कुणावर? मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले.

पण माझा चेहरा बघून काहीतरी बिनसलंय हे त्यांनी ओळखलं होतं. पदराचं टोक पाण्यात बुडवून त्या घाईघाईने पुसायला वाकल्या. मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या, आई," मी म्हणाले. "कुंकू राहिलंय, तेवढं लावा."