अक्काचं सुख मी ठरवलं होतं

आमच्या घरात सुख हा शब्द कुणी वापरत नव्हतं. गाव शिरूरच्या वरच्या अंगाला, पण आम्ही गावात राहायचो पावसाळ्यापुरते. बाकीचे महिने वडील मेंढरं घेऊन भीमाकाठानं फिरायचे. ज्याच्या शेतात मेंढरं बसवायची तो लेंडीखताच्या बदल्यात बाजरी द्यायचा. तिथलं झालं की घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढच्या शिवारात. मी सहा वर्षांचा असताना अशाच एका मुक्कामावर आई बाळंतपणात गेली. दवाखाना दौंडला, आणि घोड्यावरून दौंड फार लांब होतं... थोरली बहीण, अक्का, तेव्हा नुकतीच सासरी गेलेली. वर्षभरात तिच्या नवऱ्यानं दुसरी केली आणि अक्का परत आली, ती थेट मेंढरांतच आली. मला मास्तरांनी हुशार म्हटलंय, हे तिनं कुठून तरी ऐकलं होतं. वडिलांना मेंढरांमागं आणखी एक माणूस हवं होतं, म्हणजे मी. अक्का त्यांना म्हणाली, "किसनाला शिरूरला वसतिगृहात घाला. त्याच्या वाट्याचं मी चालते."

ती चालली. वडील वारल्यावरही चुलतभाऊ भिवाला सोबत घेऊन चालली. मी बी.एस्सी. झालो, केमिस्ट्री घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेला पहिला माणूस मी. हे मी आजही कुठंही सांगतो आणि त्यात मला संकोच वाटत नाही. रांजणगावला कारखाने उभे राहत होते. एका कंपनीच्या लॅबमध्ये लागलो, लग्न झालं, शिरूरला दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं.

एका सकाळी आमची कंपनीची बस हायवेवर मेंढरांनी अडवली. ड्रायव्हर हॉर्न मारत होता. शेजारच्यानं खिडकीतून पाहून काहीतरी टोमणा मारला, सगळे हसले. मेंढरांच्या पुढं अक्का होती. खांद्यावर काठी, काखेत दोन दिवसांचं कोकरू, बसकडं ढुंकूनही न बघता ती आपल्या चालीनं रस्ता ओलांडत होती. माझी बहीण आहे, असं मी म्हणालो नाही. मीही हसलो... थोडंसं. त्याच दिवशी मनाशी ठरवलं की अक्काचे हे हाल बंद करायचे, तिला आता सुखात ठेवायचं. हा विचार मायेचा होता की लाजेचा, हे गेल्या काही आठवड्यांत मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय. तेव्हा विचारलं नव्हतं.

सत्त्याण्णव साल असेल. अक्काच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशनला तिला दौंडला मावशीकडं नेऊन सोडलं. ती तिकडं पंधरा दिवस राहणार होती. तेवढ्यात मी व्यापारी बघितला आणि मेंढरं विकली. भिवा म्हणाला, अक्काला विचारलंस का? मी म्हणालो, तिच्यासाठीच तर करतोय. भिवानं त्याची स्वतःची मेंढरं वेगळी केली आणि पाटसकडं निघून गेला. मी घराला रंग दिला. एक पलंग आणला, वर पंखा बसवला. अक्का किती खूश होईल, हे मी बायकोला, सुनंदाला, दहादा सांगितलं असेल.

एस.टी.तून उतरून अक्का डोळ्याला हिरवी पट्टी बांधून घरात आली. पलंग बघितला, पंखा बघितला, बरं हाय म्हणाली. मग मी तिला मेंढरांचं सांगितलं. ती रागावेल, रडेल, असं मला वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "पाळायला न्हेली का कापायला?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. धनगराच्या पोटी जन्मलो आणि मेंढरं विकताना एवढा एक प्रश्न मला सुचला नाही. आमच्यात तो पहिला प्रश्न असतो. मी म्हणालो, पाळायलाच असणार. अक्कानं माझ्याकडं उरलेल्या डोळ्यानं पाहिलं आणि म्हणाली, "तू शिकलास, बरं झालं." एवढंच. पुढं पाच वर्षं तिनं तो विषय काढला नाही.

त्या पाच वर्षांत तिला माझ्या घरात कशाची म्हणून कमी नव्हती. शेजारच्या बाया म्हणायच्या, अक्का, नशीब काढलंत. अक्का मान हलवायची. पलंगावर बसायची, जमिनीवर झोपायची. संध्याकाळ झाली की तिच्या हातांना काय करावं ते कळायचं नाही. निवडलेले तांदूळ परत निवडायची. तिची साखर वाढली, गुडघे धरले. मी चांगल्या डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या वेळेवर दिल्या. एकदा सुनंदा म्हणाली, "अहो, त्या आपल्याकडं पाहुण्यासारख्या राहतात." मी तिच्यावरच चिडलो. माझ्या बहिणीला मी इतकं सुखात ठेवलंय आणि हिला खोटच काढायची, असं मला वाटलं.

मग एक दिवस कामावरून आलो तर अक्का घरात नव्हती. सुनंदा देवळात, दवाखान्यात पाहून आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पाटसवरून भिवाचा शेजारच्यांकडं फोन आला, अक्का माझ्याकडं हाय म्हणून. मी स्कूटर काढली. पाटसला कारखाना चालू होता, रस्त्याला उसाच्या गाड्या. ऊस तुटून गेलेल्या एका रानात भिवाची मेंढरं बसली होती. दिवस कलला होता, चरून आलेल्या मेंढ्यांना कोकरं लावायचं काम चाललं होतं. ज्याची त्याची आई शोधून कोकरू तिच्या कासेला द्यायचं. दीडशे कोकरांत घोळ होऊ द्यायचा नाही. अक्का त्यात कमरेएवढी बुडाली होती. एका मेंढीला ती शिव्या देत होती, "आगं सटवे, तुझंच हाय ते, हुंग की नीट, का त्याच्या बापाला बोलवू?" आणि स्वतःच हसत होती. तिचं हसणं मी पाच वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नाही हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मला बघून ती गप्प झाली. चोरी करताना सापडल्यासारखी. पन्नाशी उलटलेली माझी बहीण, मला भिऊन उभी राहिली. मी चल म्हणालो. भिवाला म्हणालो, लोक काय म्हणतील याचा तरी विचार करायचास. अक्का म्हणाली, "येवढी कोकरं लावते, मंग येते." मी थांबलो, आणि तिला स्कूटरवर बसवून शिरूरला परत घेऊन आलो. हो, परत आणलं. लेख लिहिताना हे वाक्य गाळावंसं फार वाटलं.

त्यानंतर तिनं जेवण तोडलं, असंही नाही. जेवायची. पण माझ्याशी बोलताना ती मला अहो-जाहो करायला लागली. "तुम्ही जेवला का?" म्हणायची... धाकट्या भावाला. महिनाभर मी ते ऐकलं. मग एका रविवारी गावी गेलो, आमच्या माळाच्या तुकड्यावर पत्र्याची एक खोली टाकून घेतली, भिवाकडं जाऊन पाच मेंढ्या आणि एक मेंढा मागितला. त्यानं निवडून दिले. अक्काला तिथं नेलं तेव्हा तिनं खोलीकडं पाहिलंच नाही. मेंढीचं तोंड उघडून दात पाहिले आणि म्हणाली, "भिवानं चांगली दिली. तुला फशिवला असता कुणी बी."

अहो-जाहो तिथं संपलं.

ती तिथं साडेतीन वर्षं राहिली. मी रविवारी जायचो. एकदा धीर करून विचारलं, अक्का, आता सुखात हायेस का? ती एका कोकराचा लंगडा पाय बघत होती. म्हणाली, "ह्याला धर आधी. लई वळवळतंय." मी धरलं. उत्तर राहून गेलं. मला ते हवं होतं, अजून हवं आहे. ते मिळालं असतं तर मधल्या पाच वर्षांचं ओझं कमी झालं असतं, म्हणून मी विचारत होतो, हे तिला कळलं असावं.

पाच-सहा आठवड्यांपूर्वी गावाकडून मला कंपनीत फोन आला. अक्का सकाळी मेंढरं सोडून माळावर गेली होती. ती बाभळीखाली टेकून बसलेली दिसली, म्हणून कुणी जवळ गेलं नाही. मेंढरं तिच्या भोवतीच चरत होती. वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं, मी स्वतः गुंडाळून ठेवलं. मला ते नीट गुंडाळता आलं नाही.

अक्का गेली तेव्हा तिची स्वतःची सतरा मेंढरं होती. त्यांतलं एकही तिनं कापायला विकलं नव्हतं.