चार बोटे रेषेबाहेर

मेहकरहून खामगावची एस.टी. निघाली तेव्हा आमच्या व्हॉलीबॉल संघाच्या आरोळ्यांनी गाडी दणाणत होती. हिवाळाभर गावोगावी खेळून पोरांनी अंतिम सामना गाठला होता. त्यांची व्यवस्था पाहणारा मी मात्र खिडकीशी गप्प होतो. आमच्याकडे प्रत्येक संघ एका रेषेवर आपला माणूस पंच म्हणून देतो. डोणगावच्या उपांत्य सामन्यात आमचा माणूस मी होतो. आमच्या पोराने मारलेला शेवटचा बॉल चार बोटे बाहेर पडला. मी आत म्हटले. आम्ही जिंकलो.

जानेफळला गाडी थांबली. भजी आली.

"काका, भजे थंडे होऊन राह्यले. काऊन खात नाही?" कप्तान नामदेवने विचारले.

मी सगळे सांगून टाकले.

"उद्या सांगतलं असतं त कप तरी घरी आला असता!" मागून कोणीतरी म्हणाले. पोरे हसली. नामदेव हसला नाही. "आता डोणगाववाल्याइले सांगा लागते," एवढेच तो म्हणाला.

घाट उतरलो. खामगावच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग. जिनिंगच्या कारखान्यांतला कापूस उडून आमचे केस पांढरे झाले. मैदानाकडेला सामना बघायला आलेले डोणगावचे खेळाडू रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे) भाजत होते. त्यांचा कप्तान साहेबराव वांगी चिरत होता. मी त्याच्यापुढे उभा राहून कबुली दिली.

"मले दिसला होता बाहेर," तो म्हणाला. "पण तुमच्यासारखा माणूस आत म्हणते, म्हून म्या माह्याच पोरायले दटावलं."

मी तसाच अंतिम सामन्याच्या पंचांकडे गेलो आणि त्यांनाही सगळे सांगितले.

उपांत्य सामन्याचा शेवटचा डाव त्या बॉलपासून पुन्हा खेळायचा का, असे पंचांनी दोन्ही कप्तानांना विचारले. दोघे राजी झाले. आमच्याकडे अजून सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळतो, म्हणून डाव तिथूनच सुरू झाला: आमचे चौदा, त्यांचे तेरा, सर्व्हिस त्यांची. साहेबरावने ओळीने तीन गुण काढले. आम्ही बाहेर.

मग आम्ही त्यांचेच रोडगे खाल्ले, आणि अंतिम सामन्यात त्यांच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडलो. तेही हरले, पण थोडक्यात.

परतीच्या गाडीत दोन्ही संघ दाटीवाटीने बसले. तो डाव हरल्यापासून नामदेव माझ्याशी बोलला नव्हता. अंतिम सामना पुन्हा त्याच्या नशिबी येईल की नाही, कोण जाणे. तो मी घालवला होता. आधी खोटे बोलून, मग खरे बोलून.

घाट चढून आल्यावर तो शेजारी येऊन बसला.

"पुढच्या वर्षी येजा, काका. पण लायनीवर उभं राहाचं नाही. पानी पाजाचं."

"हाव," मी म्हणालो. जन्मात कुठल्या नेमणुकीचा मला इतका आनंद झाला नव्हता.