चार नवेगावं आणि बाबांचं आजोळ

बाबांनी आयुष्यात कशाचाही हट्ट धरला नाही. भाजीत मीठ नसलं तरी ते मागत नाहीत, मुकाट्याने लोणचं वाढून घेतात. त्यामुळे यंदा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चकलीचा तुकडा मोडता मोडता ते म्हणाले, "मला आजोळी जायचंय," तेव्हा आईने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत.

ताप नव्हता. बाबा चार वर्षांचे असताना त्यांची आई, सगुणा, गेली. आजोबा तेव्हा चंद्रपूरकडे शाळामास्तर होते. त्यांनी बदली करून घेतली, नाशिकला आले, दुसरं लग्न केलं. ही दुसरी आजी फार मायाळू होती, पण तिच्यासमोर पहिलीचं नाव काढायचं नाही असा घरातला न बोललेला नियम होता. सुट्टी लागली की गल्लीतली झाडून सगळी मुलं मामाच्या गावाला जायची आणि बाबा एकटे विटीदांडू घेऊन बसायचे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला वाईट वाटलं आणि रागही आला. एवढी वर्षं हे सांगायला काय झालं होतं?

पुरावा म्हणाल तर तीन गोष्टी: आईचं नाव सगुणा, माहेरचं आडनाव भोयर, गाव तळ्याकाठचं नवेगाव. आता झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, ज्यांचं जाणं-येणं आहे ते इथे हसतील. त्या भागात नवेगावांना तोटा नाही, आणि गाव तिथे तळं आहेच. बाबांनी मोजणी खात्यात चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, त्यामुळे तयारी मात्र चोख होती. एका छोट्या वहीत त्यांनी चार नवेगावं निवडून, क्रमांक घालून, रस्त्यासकट काढली होती. ती वही मागितली की ते खिशावर हात ठेवायचे.

भाऊबीज उरकून बाबा आणि मी निघालो. नाशिकहून नागपूर रेल्वेने, आणि नागपूरला चार दिवसांसाठी गाडी भाड्याने, चालवायला मी. तुम्ही जाणार असाल तर उमरेड, भिवापूर, नागभीड हा रस्ता धरा. नागभीडला स्टँडजवळ आलुबोंडा खा. तो कुस्करून त्यावर तर्री ओततात. चमच्याने खायचा आणि नाक पुसत राहायचं. पुढे जंगलाचा पट्टा लागतो. तिथे फोटो काढायला गाडीतून उतरू नका. मी उतरले, तर धान कापणारी एक बाई बांधीतून, म्हणजे भातखाचरातून, ओरडली, "बाई, गाडीत बसा जी! सकाळीच वाघ गेला इथून." आणि ती परत शांतपणे कापायला वाकली. मी एवढ्या चपळाईने दहावीच्या शर्यतीतही धावले नव्हते.

सिंदेवाहीत मुक्काम केला. लॉजची खोली साधी, गरम पाणी बादलीने, आणि नऊशे रुपयांत मच्छरदाणी फुकट.

दुसऱ्या दिवशी नवेगाव क्रमांक एक. रस्ता डांबरी, शेवटचे दोन किलोमीटर फक्त खड्डे. पारावरच्या तिघांनी आमचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. मग त्यातला एक म्हणाला, "भोयर? आमच्या इथी भोयर एक बी नाई जी. सगले ठाकरे. ठाकरे चालतीन का?" बाबांनी नम्रपणे नकार दिला आणि वहीत फुली मारली.

नवेगाव क्रमांक दोन मूल शहराच्या पुढे. इथे उलटी तऱ्हा. बावीस घरं भोयरांची, आणि बाविसांनाही आम्ही आपलेच पाहुणे वाटलो, पण सगुणा कोणाच्याच आठवणीत नव्हती. शेवटी एक आजी पुढे आल्या. "सगुना? हाये ना. थांबा, आनतो." बाबा ताठ उभे राहिले. शर्टाची कॉलर नीट केली. आजींनी गोठ्यातून एक काळी बकरी ओढत आणली.

मी हसू दाबण्यासाठी गाडीची डिकी उघडून आत डोकं घातलं. बाबांनी मात्र बकरीच्या पाठीवरून हात फिरवला, "छान आहे हो," म्हणाले, आणि दुसरी फुली मारली. 

तिसरं नवेगाव सावली तालुक्याच्या बाजूला. गावाच्या तोंडाशीच तळ्यावर सरकारी पाटी: मामा तलाव. माजी मालगुजारी तलावांचं हे सरकारी लघुरूप तिथे जागोजागी दिसतं, पण बाबांनी ती पाटी दोनदा वाचली आणि शकुन झाल्यासारखे हसले. त्या दिवशी गावात मंडई होती. दिवाळीनंतर तिकडे गावोगाव ही जत्रा भरते. दुपारी दंडारीचा नाच, जिलबीच्या कढया, आणि सासरी गेलेल्या यच्चयावत लेकी मुलाबाळांसह हजर. भोयरांचं घर विचारलं तर सगळ्यांनी तळ्याकडे बोट दाखवलं.

अंगणात एक म्हातारा मासे धरायचं जाळं शिवत बसला होता. डोमाजी भोयर, वय ब्याऐंशी, पाठ सरळ, मिशी पांढरी, नजर कावळ्याची. बाबा त्यांच्यासमोर गेले, हात जोडले आणि मी त्यांच्याकडून घोकून घेतलेलं सगळं विसरून एकच वाक्य बोलले.

"इथे माझं आजोळ आहे का हो?"

डोमाजींनी सुई खाली ठेवली. "मायचं नाव काय?"

"सगुणा."

"बाप?"

"मास्तर होते. नाशिककडे गेले."

म्हाताऱ्याने बाबांकडे बघितलं, मग तळ्याकडे, मग पुन्हा बाबांकडे. "सगुना," ते म्हणाले. "माही बहीन. मास्तरासंगं गेली, मंग खबरच नाई." आणि घराकडे तोंड करून गरजले, "विमल! परात आन, पानी आन. भासा आला!"

भासा म्हणजे भाचा. आणि इथे आमच्या बाबांवर जे संकट कोसळलं, त्याची तयारी वहीत नव्हती. तिकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मामा कितीही मोठा असो. डोमाजींच्या सूनबाई विमलबाईंनी बाबांना पाटावर बसवलं, परातीत पाय धुतले, आणि ब्याऐंशी वर्षांचे मामा बाबांच्या पायांशी वाकले. बाबा, ज्यांनी आम्हा भावंडांना वाकायला उशीर झाला म्हणून धपाटे घातले, ते पाय वर उचलून जवळजवळ परातीत पडले.

"अहो, नका, नका! तुम्ही मोठे!"

"मोठा हाये म्हनूनच सांगून राह्यलो, पाय खाली ठेव," मामांनी दम दिला. बाबांनी पाय खाली ठेवले.

मग अंगण भरत गेलं. एका शेजाऱ्याने विचारलं, "डोमा, तुही कोन्ती बहीन रे?" तर विमलबाईंनी त्याच्या तोंडासमोर वड्याची ताटलीच धरली. लाखोरीच्या डाळीचे ते वडे, मरळ माशाचा रस्सा आणि नव्या तांदळाचा भात. बाबांनी तीनदा भात घेतला. एकदा मीठही मागितलं! दुपारी मामा त्यांना हाताला धरून मंडईत घेऊन गेले आणि भेटेल त्याला थांबवून सांगत सुटले, "माहा भासा. नाशिकचा." बाबांच्या गळ्यात नवा दुपट्टा होता, हातात जिलबीचा पुडा होता आणि चेहरा सात वर्षांच्या मुलाचा होता. मला भरून आलं, हे कबूल करते.

रात्री आम्ही तिथेच राहिलो. सकाळी बाबा आंघोळीला गेले असताना मी तळ्यावर गेले. मामा जाळं झटकत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, एक गोष्ट सांगतो. मले बहीन नाई."

"म्हणजे?"

"आमी पाच भाऊ. घरात पोरगीच नाई. सगुना-बिगुना कोनी नाई."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मग काल...?"

"काल तुह्या बाबानं काय पुसलं, आठव. असं पुसनाऱ्या मानसाले 'नाई' कसा म्हनू?" त्यांनी जाळ्यातलं शेवाळ काढून टाकलं. "अन् मले बी पाह्यजे होता ना भासा. पोराचं लगन झालं, नातवाचं झालं. दर खेपी भास्याचा मान द्याले दुसऱ्याचा भासा मांगून आनला. लोक हासत. आता घरचा हाये."

"आणि गावाला माहीत होतं?"

"पुरं गाव सामील होतं," मामा खुशीत म्हणाले. "तू सांगू नोको त्याले."

निघताना त्यांनी डिकीत तांदळाचं पोतं टाकलं, पुन्हा वाकले, आणि या वेळी बाबांनी पाय न हलवता डोळे मिटून घेतले. मला रडू आणि हसू एकदमच येत होतं, त्यामुळे मी गाडीचा आरसा पुसत बसले.

वैनगंगेच्या पुलाकडे जाणारा फाटा आला. चौथं नवेगाव नदीपलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला. मी अगदी सहज म्हणाल्यासारखं म्हटलं, "चौथंही बघून येऊ या का? आलोच आहोत तर."

"कशाला? सापडलं ना," बाबा म्हणाले आणि मामांनी दिलेली जिलबी खाऊ लागले.

नागभीडपर्यंत मी कसंबसं पोटात ठेवलं. आलुबोंड्याची ताटली समोर आली आणि माझा बांध फुटला. सगळं सांगून टाकलं: बहीण नाही, सगुणा नाही, गावाला माहीत होतं.

बाबांनी बोंडा तर्रीत नीट बुडवला. "मला माहीत होतं."

"काय?"

"माझे वडील एकदाच बोलले होते तिच्याबद्दल. म्हणाले, संध्याकाळी दिवा लावायला दारात आली की तळ्यातलं ऊन डोळ्यांवर यायचं तिच्या, पदर आडवा धरायची. म्हणजे तळं दारासमोर, पश्चिमेला. डोमामामांचं तळं पूर्वेला आहे. अंगणात पाय ठेवला तेव्हाच कळलं. चौतीस वर्षं काय केलं मी?"

"आणि तरी पाय धुऊन घेतलेस?"

"ब्याऐंशी वर्षांचा माणूस वाकला होता. नाही म्हटलं असतं तर सगळ्या अंगणासमोर त्याला तसंच उठावं लागलं असतं."

मग त्यांनी खिशातून वही काढून माझ्यासमोर ठेवली. दोन फुल्या, एक बरोबरची खूण. चौथ्या नवेगावासमोर बारीक अक्षरात लिहिलं होतं: तळं पश्चिमेला. निघण्याआधी, घरी बसून उपग्रहाच्या नकाशावर बघून लिहिलेलं.

"म्हणजे तुला आधीपासून ठाऊक होतं? मग पहिलं तिथेच का नाही गेलो?"

बाबांनी ताटलीतली तर्री संपवली. "मला भीती वाटली, मनू. तिथे कोणी 'अशी कोणी नव्हती' म्हणालं असतं तर? बाकीच्या गावांत नाही म्हणाले तरी चालणार होतं." त्यांनी रुमालाने डोळे पुसले. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. टपरीवाल्याला वाटलं तिखट लागलंय, त्याने पाणी आणून दिलं.

घरी येऊन आता दोन आठवडे झाले. हिशोबी वाचकांसाठी: गाडी, पेट्रोल, लॉज मिळून खर्च बेताचाच येतो. मंडईच्या दिवसांत जा, ऊन सोसण्याजोगं असतं आणि पोट रिकामं राहत नाही. तांदूळ उत्तम आहे, आई रोज करते आणि रोज "कोणत्या सासूकडचा म्हणायचा हा?" असं विचारते.

बाबांना मात्र चैन पडेना. खोटं त्यांना पचत नाही. काल त्यांनी मामांना फोन लावला, फोन स्पीकरवर ठेवला आणि साक्षीदार म्हणून मला समोर बसवलं. तळं, दिवा, वही, पश्चिम दिशा, चौथं नवेगाव, सगळं कबूल केलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे मामा, मी तुमचा भाचा नाही. मला तेव्हाच कळलं होतं. माफ करा."

पलीकडे मामा एवढे हसले की त्यांना ठसका लागला, विमलबाईंनी पाणी दिल्याचा आवाज आला.

"भासा, ऐक. पुढच्या मंडईले ये. तुह्या चौथ्या नवेगावले आपन संगं जाऊ. आजोळी एकटा काऊन जातं? मी पुसतो त्याइले, तू नोको पुसू."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तं काय," मामा म्हणाले. "घरी वापस येऊ. जेवाले."