अर्धा जेकब

लाइल हॉगन जन्मभर गुरांचा डॉक्टर होता. निवृत्त झाल्यावर त्याच्या हातांना करमेना, तेव्हा तरुणपणीचा एक नाद त्याने पुन्हा जवळ केला. जुनी रिव्हॉल्व्हरं जमवायची. तीही फक्त अशी, ज्यांचा घोडा दर गोळीआधी अंगठ्याने मागे ओढावा लागतो. ती झाडण्यात त्याला रस नव्हता. हत्यार कुठल्या दुकानातून निघालं, कुणाच्या कमरेला राहिलं, कुठल्या कोठारात गंजलं, हे उकरून काढलं की त्याला जेवण गोड लागे.

लुइसटाउनला जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये दर वसंतात जुन्या हत्यारांचा बाजार भरतो. तिथलं कोपऱ्यातलं टेबल लाइलचं. लोक घरातलं रिव्हॉल्व्हर आणून समोर ठेवत आणि लाइल भिंग लावून तीन जागचे आकडे वाची: सांगाड्यावरचा, चापाभोवतीच्या कडीवरचा आणि मुठीमागच्या लोखंडी पट्टीवरचा. तिन्ही जुळले तर मान डोलावी. एखादा वेगळा निघाला तर म्हणे, "कातडं बांधलेलं वासरू."

हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वासरू मेलेल्या गाईला दुसरं पोरकं वासरू लावायचं असलं, की मेलेल्याचं कातडं सोलून पोरक्याच्या पाठीवर बांधतात. वासाला भुलून गाय त्याला पाजते. लाइलने अशी कातडी किती बांधली असतील, त्याला गणती नव्हती. त्यामुळे त्याच्या तोंडून ते शब्द आले की हॉल हसे, आणि आणणारा आपलं हत्यार मुकाट्याने फडक्यात गुंडाळी.

अ‍ॅडलिन केसेलबाईंनीही तसंच गुंडाळलं होतं. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत लाइलला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून सत्तरी उलटली तरी तो त्यांना बाईच म्हणे. रिव्हॉल्व्हर त्यांच्या आजोबांचं, मॅथियास रोरिख यांचं. सांगाडा आणि कडी जुळत होती. पट्टीवर भलताच आकडा होता.

"बाई, पट्टी दुसऱ्याची आहे. कातडं बांधलेलं वासरू."

"अरे, पण आजोबा ते पुसताना दर वेळी म्हणायचे, अर्धा जेकब माझ्या मुठीत आहे. जेकब त्यांचा भाऊ. डाकोटात गेला तो परत दिसलाच नाही."

"माया असते, बाई. मायेवर आकडा कोरलेला नसतो."

लोक हसले. बाईही हसल्या, पण उशिरा.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. लाइलच्या घरी भिंतीवर त्याचं सर्वांत लाडकं रिव्हॉल्व्हर टांगलेलं होतं आणि त्याला त्या काळची मुठीची पट्टी तेवढी मिळत नव्हती. तो बाईंना म्हणाला, "तुमची पट्टी ढिली झालीय. मी चांगली नवी बसवून देतो." ढिली होती हे खरं. एक स्क्रू आवळला असता तर भागलं असतं, हेही तेवढंच खरं. बाई म्हणाल्या, "तुला कळतं बाबा, कर." त्याने नवी बसवून दिली, जुनी ठेवून घेतली आणि आपल्या सांगाड्यावर चपखल बसावी म्हणून तिच्या दोन्ही कडा कानशीने घासल्या.

पुढे काही वर्षांनी त्याच बाजारात डाकोटातून व्हर्नन रोरिख नावाचा माणूस आला. पोट सुटलेला, मोकळा गडी. त्याने रिव्हॉल्व्हर लाइलसमोर ठेवलं.

"आमचंही वासरूच निघणार बघा. घरात सगळे म्हणतात, अर्धा मॅथियास आपल्याकडे आहे. पणजोबा जेकब आणि हा त्यांचा भाऊ. जेकब निघायच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी एकाच टेबलावर दोन्ही हत्यारं सुटी करून पुसली. थोडी जास्त झाली होती म्हणे. जोडताना मुठींच्या पट्ट्या बदलल्या. कळलं तोवर पणजोबा डाकोटात."

"मग पुढे का नाही बदलून घेतल्या?" शेजारच्या टेबलावरच्या क्लिफर्डने विचारलं.

"पणजोबा म्हणायचे, असू दे. एवढ्या लांबून भावाचा हात धरायची दुसरी सोय नाही."

लाइलने भिंग लावलं. पट्टीवर मॅथियासचा आकडा होता. सांगाड्यावर होता तो आकडा लाइलच्या स्वतःच्या घरी भिंतीवर टांगलेला होता, बाईंकडून घेतलेल्या पट्टीवर. लाइलच्या डोक्यातून आकडे जात नसत. आज पहिल्यांदा त्याला वाटलं, जावेत.

"काय रे, वासरू का?" क्लिफर्डने हसायची तयारी केली.

"उद्या सांगतो," लाइल म्हणाला. असं तो आजवर कधी म्हणाला नव्हता.

घरी जाऊन त्याने भिंतीवरच्या रिव्हॉल्व्हरची पट्टी काढली. साफसफाईच्या निमित्ताने बाईंकडचं हत्यार मागून आणावं, गुपचूप बसवून द्यावी, असंही मनात येऊन गेलं. पण घासलेल्या कडा हाताला लागत होत्या. दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर तो पट्टी खिशात घालून बाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला आणि सगळं सांगितलं. बाईंनी आधीच त्याच्यापुढे कुखनचा, म्हणजे मलईच्या जर्मन केकचा, तुकडा ठेवला होता. तो तसाच राहिला.

बाईंनी पिठाच्या डब्यामागून रिव्हॉल्व्हर काढलं. लाइलने नवी पट्टी सोडवून जुनी बसवली. बाईंनी मूठ धरली आणि अंगठा फिरवला.

"इथे फट आहे."

"ती माझी, बाई. कानशीने घासलं मी. आता भरून येणार नाही."

"मला वाटलं होतं तू ती टाकून दिलीस."

"नाही. वापरली."

बाईंनी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे कुणी लांब जायला निघालं की हे मुठीत देऊन ते वाक्य म्हणायचे. तू सांगितल्यावर पोरं हसायला लागली. मग मीच बंद केलं. धाकटा नातू अलास्काला गेला, त्याला काहीच दिलं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "कातडं तूच बांधलंस की रे, लाइल."

"चुकलो, बाई."

"ते इथे नको. हॉलमध्ये बोलला होतास ना? तो व्हर्नन गेला का?"

"बाजार संध्याकाळपर्यंत आहे."

"मग माझा कोट दे."

हॉलमध्ये लाइलने दोन्ही रिव्हॉल्व्हरं शेजारी शेजारी ठेवली. लोक सवयीने जमले. त्याने आकडे वाचले, बाईंचे आणि व्हर्ननचे. एवढं त्याला सवयीचं होतं. पुढचं बोलताना तो टेबलक्लॉथच्या शिवणीकडे बघत राहिला.

"ही दोन्ही अस्सल आहेत. बाई सांगत होत्या ते शब्दशः खरं होतं. मी ऐकलं नाही. आणि पट्टी मला हवी होती, म्हणून मी ती काढून घेतली."

क्लिफर्डने हातातल्या कॉफीत नजर घातली. कुणी हसलं नाही. हसले असते तर लाइलला सोपं गेलं असतं.

"पट्ट्या अदलाबदल करून देतो," तो घाईने म्हणाला. "आत्ता करतो. दोन्हींचे तिन्ही आकडे जुळतील."

"हात लावून बघ," बाई म्हणाल्या. व्हर्नन मोठ्याने हसला.

त्याने बाईंचं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, बाईंनी त्याचं. दोघं बराच वेळ तशीच उभी होती, एकमेकांची कुठली कोण आत्या-मावशी निघते ते शोधत. मग बाईंनी आपलं परत घेऊन फडक्यावर ठेवलं. गुंडाळण्याआधी त्यांचा अंगठा पुन्हा एकदा त्या फटीवरून फिरला, आणि लाइलने मान वळवली.