चाचीची राहिलेली मुलाखत

फळ्यावर लिहिताना हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या की देऊळगाव राजाच्या मुस्लिम मोहल्ल्यातली बांगडीवाली चाची आठवते. कॉलेजात असताना एका प्रकल्पासाठी मी तिच्या कामाबद्दल तिची मुलाखत घ्यायला गेले, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. "खाली हातानं काय बसली, बेटी?" म्हणत तिनं माझा पंजा दाबून बांगड्या भरायला घेतल्या आणि उलट मलाच विचारू लागली. "बोलत राह्य, बोललं की हात ढिला पडते." बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, "मले इतक्यात लग्न नाही करायचं, शिकायचं हाये." "मंग घरी सांग ना, भेतं काऊन?" घरी ऐकलं तर रेकॉर्डिंगभर माझाच आवाज होता, तोच बाबांना ऐकवला, आणि ठरत आलेली सोयरीक थांबली. चाचीची मुलाखत मात्र राहिलीच. अजूनही दर वर्षी प्रश्न घेऊन जाते, ती हात धरते आणि मीच बोलत सुटते.